हरिण कुठे गेले?



दशलक्षण संपल्यावर क्षमावणीला ज्या ज्या जणी घरी येऊन गेल्या, त्यातल्या बहुतेकींनी आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खोलीतला शांतिनाथ भगवंतांचा फोटो पाहिला आणि विचारले, ‘हा कुठून आणला? शिखरजीहून का?’ शिखरजीहून नाही, आपल्याच मंदिरातल्या मूलनायकांचा आहे म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसेना. आपल्या वेदीचे फोटो तुम्ही सगळ्यांनीच काढलेले आहेत. त्यात भगवंत कमी आणि ट्यूबलाइट जास्त दिसते. शिवाय दानपेटी, भिंतीवरचे घड्याळ, ‘शांतता राखा’ची पाटी आणि कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेला पंखा, पात्यांवरच्या नावासकट.

या सगळ्यातून मूर्ती वेगळी कशी काढली, ते लिहून दे म्हणून चौघींनी सांगितले. म्हणून लिहिते आहे. पण नुसती बटणे सांगून भागणार नाही. कुठले बटण दाबायचे याच्या आधी एक प्रश्न असतो, आणि तो मला आईंनी विचारला.

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. लग्न होऊन भंडारा जिल्ह्यात आल्या तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ करून देवदर्शन, मगच तोंडात पाणी, हा त्यांचा नेम. धानाच्या रोवणीचे दिवस असोत, घरात लग्न असो, वैनगंगेला पूर येऊन रस्ते बंद असोत, मंदिर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे नेम कधी चुकला नाही. मागच्या वर्षी मात्र गुडघ्यांनी साथ सोडली, आणि डोळ्यांचे दुखणे तर त्याआधीच सुरू झाले होते. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे काढून झालेत. पण डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजत चालला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की यात माणूस पूर्ण आंधळा होत नाही. सरळ पाहिले की मध्ये धुरकट डाग येतो, कडेकडेचे दिसत राहते. म्हणून आई हल्ली कुणाशी बोलताना मान जरा वाकडी करून, बाजूला पाहिल्यासारखे पाहतात. नवख्या माणसाला वाटते, या आपल्याकडे लक्षच देत नाहीत. डॉक्टरांनी एवढेच सांगितले की त्यांना जे दाखवायचे ते मोठे, ठळक, आणि मागे-पुढे गर्दी नसलेले दाखवा.

मंदिरात जाणे थांबल्यावर आईंनी एकच मागितले. ‘मले माहे भगवान दिसतील असं काही करा.’

धाकट्या जाऊबाईंचा मुलगा पुण्याला असतो, या कामांत तरबेज. दिवाळीला आला तेव्हा त्याने मंदिरात जाऊन मोबाइलवर फोटो काढला, कुठल्याशा ॲपमध्ये टाकला, एकदा बोट लावले आणि मागचे सगळे क्षणात गायब. त्या जागी सोनेरी झळाळी. मोठा छापून, काच लावून आणला. आम्ही सगळे ‘वा वा’ म्हणालो. खरेच देखणा होता, आणि पोराने आजीसाठी हौसेने केले होते.

आईंनी फोटो हातात घेतला. मान वाकडी करून बराच वेळ पाहिला. मग बोट खाली खाली नेत काचेवर फिरवले.

‘हे कोणते भगवान आहेत वं?’

‘आई, आपलेच की. शांतिनाथ भगवान. मूलनायक.’

‘मग हरिण कुठे गेलं?’

आम्ही पाहिले. खरेच, हरिण नव्हते. आसनच नव्हते. पद्मासनातल्या मांडीच्या खाली रेघ मारल्यासारखे सगळे संपले होते आणि भगवंत सोनेरी ढगात तरंगत होते. वरची तीन छत्रे गेली होती. भामंडलाचा अर्धा भाग राहिला होता, अर्धा नाही.

‘अन् गुडघ्यावरची रेघ?’ आईंनी विचारले. आपल्या मूलनायकांच्या डाव्या गुडघ्यावर संगमरवराची मुळातलीच एक करडी शीर आहे, पाहिली असेल तुम्ही. तीही नव्हती. ॲपने ‘त्वचा’ गुळगुळीत करून टाकली होती.

‘पांढरे दिसतात, मले वाटलं चंद्रप्रभू,’ आई म्हणाल्या आणि फोटो हलकेच बाजूला ठेवला. नातवाला वाईट वाटू नये म्हणून ‘चांगला आहे हो’ असेही म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी हात जोडले ते त्या फोटोपुढे नाही, तर रोजच्यासारखे खिडकीकडे, मंदिराच्या दिशेने.

ॲपने असे का केले, हे नंतर मला वाचून समजले. लाखो फोटोंवर माणसांनी आधी रेघा मारून ठेवलेल्या असतात, ही मुख्य वस्तू आणि ही मागची बाजू म्हणून. ते पाहून पाहून यंत्र शिकते. त्या फोटोंत बहुतेक माणसे, गाड्या, कुत्री-मांजरी, विकायच्या चपला. बसलेला माणूस दिसला की यंत्राला माणूस हवा असतो, त्याची खुर्ची नको असते. आपल्या मूर्तीतही त्याने माणसाचा आकार उचलला आणि खुर्ची समजून सिंहासन टाकून दिले. यंत्राच्या हिशेबाने ते बरोबरच होते.

पण आपल्याकडे त्या खुर्चीवरच नाव लिहिलेले असते, बायांनो.

जरा आठवून पाहा. दिगंबर मूर्तींना ना दागिने, ना वस्त्र, ना हातात काही. चोवीसही भगवंतांचा चेहरा एक, ध्यान एक, आसने दोन, पद्मासन नाहीतर खड्गासन. ओळखायचे कशावरून? लांछनावरून. बैल असला तर आदिनाथ, घोडा असला तर संभवनाथ, कासव मुनिसुव्रत, शंख नेमिनाथ, सिंह महावीर. ते लांछन कोरलेले असते खाली पादपीठावर, मधोमध, बोटभर आकाराचे. अंगावर खूण असणारे थोडेच. आदिनाथांच्या खांद्यावर रुळणारे केस, पार्श्वनाथांच्या माथ्यावरच्या सात फणा, सुपार्श्वनाथांच्या पाच, आणि तीर्थंकर नसले तरी बाहुबलींच्या हातापायांना वेढलेल्या वेली. बाकी सगळ्यांची ओळख पायाखाली. ती कापली की शांतिनाथही राहत नाहीत आणि चंद्रप्रभूही राहत नाहीत, फक्त ‘एक मूर्ती’ राहते. आई चंद्रप्रभू म्हणाल्या त्याला कारण आहे. शास्त्रात शांतिनाथांचा वर्ण सोन्यासारखा सांगितला आहे, आणि चंद्रप्रभू व पुष्पदंत हे दोघे शुभ्र. हरिण नाही म्हटल्यावर त्यांनी रंगावरून अंदाज बांधला.

लांछने सुरुवातीपासून होती असेही नाही. मथुरेच्या कुषाणकाळातल्या जुन्या मूर्तींवर ती नसतात. तिथे पीठावर कोरलेल्या लेखात नाव सापडले तर कळते हे कोण. राजगीरच्या वैभार टेकडीवरच्या गुप्तकाळातल्या नेमिनाथांच्या मूर्तीवर शंख आहे, तो लांछनाचा अगदी सुरुवातीचा नमुना मानतात. म्हणजे खूण नव्हती तेव्हाही ओळख खालीच होती, अक्षरांत.

आणि अक्षरे म्हटली की १५४८ आलेच. तुमच्यापैकी कितीजणींनी आपल्या मंदिरातल्या लहान पांढऱ्या मूर्तींच्या पीठावर ‘सं. १५४८’ वाचले आहे? विक्रम संवत १५४८, वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय तृतीया. आपल्या सनात ते साधारण १४९१-९२ येते. मुडासा गावी जीवराज पापडीवाल नावाच्या श्रावकाने भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते असंख्य मूर्तींची प्रतिष्ठा करवली आणि गाड्या भरभरून त्या देशभर पाठवल्या. ज्या गावाने पाचशे वर्षांत दुसरे काही जपले नाही, तिथेही ही मूर्ती सापडते. हे सगळे आपल्याला कळले कशावरून? पीठावरच्या दोन-अडीच ओळींवरून. डॉ. विद्याधर जोहरापूरकरांनी ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ लिहिला, सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून १९५८ मध्ये निघाला. आपल्या विदर्भातल्या कारंजाच्या गाद्यांचा इतिहास त्यात आहे, आणि त्यातले कितीतरी दुवे असेच मूर्तीखालच्या आणि पोथीशेवटच्या ओळींतून जुळवलेले आहेत. पूर्वजांनी आपले नाव वर कधी कोरले नाही, पायाशी कोरले. तेवढाच भाग ॲप ‘बॅकग्राउंड’ म्हणून उडवते.

वरच्या बाजूचेही तेच. अष्टप्रातिहार्ये आपण पाठशाळेत घोकली. अशोकवृक्ष, सिंहासन, तीन छत्रे, भामंडल, दिव्यध्वनी, पुष्पवृष्टी, चामरे, दुंदुभी. मोजून पाहा, आठातले एकही भगवंतांच्या अंगावर नाही. सगळी मागे, वर, खाली, भोवती. वेरूळला ज्या गेल्या असतील त्यांनी इंद्रसभा लेणे, म्हणजे ३२ नंबरचे, आठवावे. एका बाजूला पार्श्वनाथ, समोर बाहुबली. पार्श्वनाथांच्या भोवती कमठाचा सगळा उपसर्ग कोरला आहे, चहूबाजूंनी चालून येणारी सेना, आणि मध्ये ते निश्चल उभे. भोवतीचे काढून टाकले तर ते कशापुढे निश्चल राहिले ते कसे कळणार?

तर फोटो कापायला बसण्याआधी ठरवायचे असते ते हे, की कशाला मूर्ती म्हणायचे. मी आईंना विचारले. त्यांनी डोळे मिटून, बोटांवर मोजत सांगितले. तीन छत्रे. भामंडल. भगवान. कमळ. हरिण. लेखाची पट्टी. ‘अन् बाजूचे ते चांदीचे मंगल कलश?’ ‘ते तर मागच्या साली आणले. ते नको.’ मी कागदावर लिहून घेतले.

आता कामाचे सांगते.

फोटो पुन्हा काढावा लागला. मंदिर समितीच्या काकांना रीतसर विचारले, कारण काही मंदिरांत वेदीचा फोटो काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. सकाळी प्रक्षाळ होऊन गर्दी ओसरल्यावर गेले. ट्यूबलाइट बंद, फ्लॅश बंद. पूर्वेच्या खिडकीतून ऊन तिरपे येते ती वेळ धरली. हे महत्त्वाचे आहे. पांढऱ्या दगडात कोरलेले पांढरे हरिण समोरच्या उजेडात दिसतच नाही, तिरप्या उजेडात कोरणीच्या कडेला सावली पडते आणि ते उठून येते. मोबाइल हातात धरला नाही. गाभाऱ्याबाहेर स्टुलावर डब्यांची चळत रचून भगवंतांच्या छातीच्या उंचीला टेकवला, टायमर लावून. खालून वर धरून काढलेल्या फोटोत मांडी मोठी आणि मस्तक लहान दिसते. वर छत्राच्या कळसापर्यंत आणि खाली लेखाच्या पट्टीच्याही खाली चार बोटे जागा सोडली. नंतर कापता येते, जोडता येत नाही.

घरी लेकीचा जुना लॅपटॉप आहे. त्यावर गिंप हे सॉफ्टवेअर घातले, फुकट मिळते. बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतले आणि तेव्हापासून जगभरचे लोक पदरमोड करून वाढवत आले आहेत. मी मंडळाच्या पत्रिका त्यावरच करते.

त्यात ‘फझी सिलेक्ट’ नावाची जादूची कांडी आहे. एका ठिकाणी टिचकी मारली की त्या रंगाचा लागून असलेला सगळा भाग निवडला जातो. निळ्या भिंतीपुढे लाल साडी असेल तर एका टिचकीत काम होते. आपल्या मंदिरात पांढरा संगमरवर आणि मागे पांढऱ्या टाइल्स! कांडी खांद्यावर टेकवली की निवड भिंतीवरून थेट पंख्यापर्यंत धावत जाई. रंगातला फरक किती चालवून घ्यायचा तो आकडा कमी केला तर खांद्याचे तुकडे तुकडे. अर्धा तास गेल्यावर मी ती बाजूला ठेवली. पांढऱ्यातून पांढरे वेगळे करायचे तर यंत्राला नाही कळत. चिन्नोरमधले खडे बोटांनीच काढावे लागतात, तसे आहे.

मग ‘पाथ’ घेतला, कीबोर्डवर बी दाबले की येतो. कडेवर एक एक ठिपका द्यायचा, वळण असेल तिथे ठिपका देताना दाबून ओढायचे म्हणजे रेघ वाकते. फोटो दोनशे टक्के मोठा करून, मस्तकापासून सुरुवात केली. कान, खांदा, दंड, कोपर, मांडी. सरळ कडेला ठिपके लांब लांब, कानाच्या पाळीला जवळ जवळ. शेवटी कंट्रोल दाबून पहिल्या ठिपक्यावर टिचकी मारली की वेढा पूर्ण होतो आणि एंटर दाबले की त्याची निवड होते. छत्रांचा वेगळा वेढा, भामंडलाचा वेगळा, पीठाचा वेगळा. रोज दुपारी जेवणे आटोपल्यावर तासभर, असे चार दिवस लागले. चार दिवसांत मी त्या मूर्तीची जेवढी कड पाहिली तेवढी लग्नानंतरच्या तीस वर्षांत पाहिली नव्हती. डाव्या कानाची पाळी उजवीपेक्षा सुताइतकी लांब आहे, हे तुम्हाला कुणाला माहीत आहे का?

आता सगळ्यात कामाची गोष्ट. वेढा झाला की बहुतेकजणी बाहेरचे सगळे डिलीट करून टाकतात. तसे करू नका. ‘लेयर’ मेनूत ‘ॲड लेयर मास्क’ आहे, त्यात ‘सिलेक्शन’ निवडा. मास्क म्हणजे फोटोवर टाकलेला पडदा समजा. पडदा जिथे पांढरा तिथले दिसते, जिथे काळा तिथले झाकले जाते, करडा असेल तिथे अर्धवट. मूळ फोटोतले काहीच जात नाही. कोपराजवळ जास्त कापले गेले? पांढरा ब्रश फिरवा, परत येते. टाइलचा तुकडा राहिला? काळा ब्रश फिरवा. एक्स दाबले की काळा-पांढरा आपोआप बदलतो. मला हे फार आवडते. उद्या कुणी म्हणाले की पंखासुद्धा दिसायला हवा होता, दात्याचे नाव होते, तर तोही तिथेच आहे, पडद्याआड.

कडेला दोन पिक्सेलचे ‘फेदर’ द्या, नाहीतर मूर्ती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. जास्त दिले तर धुके येते. काम गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात सेव्ह करा म्हणजे पडदा टिकतो. नुसती मूर्ती कुठे वापरायची असेल तर पीएनजी काढा. जेपीजीमध्ये मोकळी जागा मोकळी राहत नाही, तिथे रंग भरला जातो. ए-फोर आकारात नीट छापायचे तर साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल हवेत. तेवढे हल्लीचे मोबाइल देतात, पण व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो लहान झालेला असतो. तो घेऊन बसू नका.

मागे काय घालायचे? सोनेरी झळाळी नाही, हे नक्की होते. सूर्याचे किरण, कमळांचे तळे, हिमालय, यातले काही नाही. आईंच्या डोळ्यांसाठी पांढऱ्यामागे गडद रंग हवा. काळा मला बरवा वाटेना. शेवटी गडद जांभळट लाल घेतला, साधा, एकसारखा.

दोन ठिकाणी हात थांबला. एक म्हणजे छत्रे. ती आपल्या भंडाऱ्याच्या पितळेची, नुकतीच घासलेली, त्यामुळे त्यांत समोरचे सगळे दिसते. कड कितीही नीट कापली तरी पितळेच्या पोटात खिडकी, खिडकीचे गज आणि बारकाईने पाहिले तर स्टूल आणि डबेही आहेत! पुतण्याला फोनवर विचारले तर म्हणाला, ‘काकू, दोन मिनिटांत काढून देतो.’ मी म्हटले, राहू दे. भोवतीचे झाकले तरी मंदिराचा एवढा तुकडा छत्रात राहिला, तर बिघडले कुठे? दुसरी ती गुडघ्यावरची शीर. फोटो ‘स्वच्छ’ करायची सोय गिंपमध्येही आहे. तिला मी हातच लावला नाही. मूर्ती जशी आहे तशी. भोवतीची गर्दी झाकणे वेगळे आणि भगवंतांना सुधारायला जाणे वेगळे. माणसांच्या फोटोंतही हेच असते म्हणा. पूर्वी स्टुडिओवाले गेलेल्या आजोबांचा चेहरा लग्नाच्या ग्रुप फोटोतून ब्लेडने काढून, ब्रशने कोट-टाय रंगवून द्यायचे. ज्या माणसाने जन्मभर बाराबंदी सोडली नाही तो भिंतीवर साहेब होऊन बसायचा.

छापण्याबद्दल थोडे. फोटो म्हणजे प्रतिष्ठित बिंब नव्हे, त्याला अभिषेक नाही, पूजेची स्थापना नाही. पण म्हणून चुकलेली प्रत कचऱ्यात टाकवते का? मला नाही टाकवत. दुकानदार रंग पाहायला चार-चार प्रती काढतात आणि चुरगाळून खाली टाकतात. म्हणून आधी त्या जांभळट लाल रंगाची नुसती पट्टी छापून घेतली, तिच्या कोपऱ्यात साध्या संगमरवरी खांबाचा तुकडा, त्यावरून पांढरा कसा येतो ते पाहिले, आणि भगवंतांचा फोटो एकदाच छापला. हे प्रत्येकीला करता येईल. आणि जाता जाता माझे मत सांगून टाकते. लग्नपत्रिकेवर, पिशवीवर, प्रसादाच्या डब्यावर भगवंतांचा फोटो नकोच. मूर्ती सुटी करता यायला लागली की ती कुठेही चिकटवायचा मोह होतो. मंगल कलश घाला, स्वस्तिक घाला. ज्या कागदाचे पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे, त्यावर भगवंत कशाला?

फोटो आला तो शनिवार होता. आईंच्या पलंगासमोर, त्या बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल असा, पायांच्या बाजूला नाही. आईंनी मान वाकडी केली. बोट लावायला उठल्या नाहीत. जागेवरूनच म्हणाल्या, ‘हरिण उजवीकडं पाहते.’

मी जवळ जाऊन पाहिले. खरेच, त्याचे तोंड उजवीकडे आहे.

मग त्यांनी रोजचे चोवीस भगवंतांचे नामस्मरण सुरू केले. सोळाव्या नावाला जरा थांबल्या आणि पुढे गेल्या. चहा त्यानंतरच मागितला. पुण्याचा पुतण्या त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर होता. ‘आजी, माझाही छान होता ना?’ म्हणाला. आई म्हणाल्या, ‘तुह्या फोटोत भगवान एकटेच होते रे.’ त्याने माझी एक्ससीएफ फाइल मागून घेतली आहे, आणि आता त्याच्या सोसायटीतल्या दोन म्हाताऱ्यांसाठी त्यांच्या गावच्या मूर्तींचे करून देतो आहे. ॲपने नाही, ठिपके देऊन.

सध्या माझ्याकडे दुसरे काम आले आहे. आईंना आता त्यांच्या माहेरचे पार्श्वनाथ हवे आहेत. भाच्याने कालच फोटो पाठवला. प्रकाश चांगला आहे, पीठ पूर्ण आहे, लेखही वाचता येतो, पण वरून फोटो इतका जवळ कापला गेलाय की सातांपैकी चारच फणा आल्या आहेत. त्याला कळवले आहे, दोन पावले मागे जाऊन पुन्हा काढ. अष्टमीला तो मंदिरात जाणार आहे.

जय जिनेंद्र.